चाकोरी

यवतेश्वरचा घाट चढताना बोलायचं नसतं. साताऱ्याची माणसं हा घाट पहाटे पळत चढतात. त्यांच्यातले दोघे मला मागं टाकून गेले आणि जाता जाता "दम धरा काका" म्हणाले. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, पहाटेचे साडेपाच, मोज्यांतही बोटं बधिर. खाली अजिंक्यताऱ्याच्या कुशीत शहराचे दिवे अजून तेवत होते आणि मी पहिल्याच तासाला घामानं भिजून थंडीनं कुडकुडत होतो.

बेत असा: सातारा, कास, तिथून डोंगराच्या माथ्यामाथ्यानं महाबळेश्वरकडे जाणारा जुना राजमार्ग, माचुतरला डांबर गाठायचं, केळघर घाट उतरून मेढा, आणि कण्हेर धरणाच्या बाजूनं परत सातारा. शंभराच्या वर, सव्वाशेच्या आत किलोमीटर. सगळं डांबर असतं तर माणूस दुपारच्या जेवणाला घरी आला असता. राजमार्ग मात्र नावालाच राजाचा. कुठं उखडलेलं डांबर, कुठं खडी, कुठं तांबडा मुरूम, आणि जंगलात शिरला की नुसती माती.

या प्रकाराला हल्ली 'ग्रॅव्हल' म्हणतात. त्यासाठी वेगळी सायकल येते. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, पण टायर रुंद, माझे पंचेचाळीस मिलिमीटरचे. आत ट्यूब नाही. दुधासारखा एक द्राव असतो, बारीक भोक पडलं की तो आपणच बुजवतो. हवा मुद्दाम कमी ठेवायची, म्हणजे टायर दगडावर आपटून उडत नाही, दगडाला कवेत घेऊन पुढं सरकतो. दुकानदारानं किंमत सांगितली तेव्हा माझ्या मनात आलं, एवढ्यात गावाकडं बैलजोडी आली असती, आणि वर गाडीही. खराब रस्त्यावरून जायला लागणारा खर्च म्हणून तो आकडा अजूनही मी घरी खरा सांगितलेला नाही.

कास मी थांबून पाहिलंच नाही. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलेलं हे पठार सप्टेंबरात फुलांनी आणि माणसांनी सारखंच गजबजतं. फेब्रुवारीत दोन्ही नसतात. वाळलेलं गवत, कारवीच्या करड्या काड्या आणि उघडा पडलेला जांभा. साताऱ्याला पाणी पुरवणारा कासचा तलाव तेवढा धुक्यात वाफाळत होता. तिथं बाटल्या भरल्या, डब्यातली अर्धी भाकरी खाल्ली, आणि निघालो.

खरी सायकल इथून पुढं.

जांभा दिसतो मऊ. पाऊस, ऊन, पुन्हा पाऊस असं लाखो वर्षं खाऊन खाऊन काळ्या कातळाचा माथा कुजला, त्यातलं पाण्यानं वाहून जाण्यासारखं होतं ते गेलं, आणि लोखंडानं तांबडा झालेला हा सच्छिद्र दगड मागं राहिला. त्याचा भुगा म्हणजे पायाखालचा मुरूम. भुग्यावर चाक घसरतं, पण त्याला एक लय आहे, ती पायाला कळते. कळत नाही ती मधूनच वर आलेली जांभ्याची धार. धुळीखाली ती लपून बसते.

अशा वाटेवर नजर कुठं ठेवायची हे शिकायला मला दोन वर्षं लागली. दगडाकडं पाहिलं की चाक दगडावरच जातं. पाहायचं चाकोरीकडं. जीप, ट्रॅक्टर, कधीकाळी बैलगाड्या जाऊन जाऊन दोन्ही बाजूंना दाबल्या गेलेल्या त्या दोन पट्ट्या. त्यांच्यामध्ये गवताचा आणि सुट्या खड्यांचा उंचवटा. आयुष्यभर भाषणांतून, निरोपसमारंभांतून, सत्काराच्या मानपत्रांतून ऐकत आलो की चाकोरी सोडावी. चाकोरीबाहेरचं जगणं, चाकोरीबाहेरचा विचार. हे बोलणारे कधी मुरमावर सायकल घेऊन आले नसावेत. इथं चाकोरी सोडली की माणूस करवंदीच्या जाळीत. आपल्याआधी शेकडो चाकं इथून गेली, म्हणून एवढी वीतभर जमीन आपल्यापुरती घट्ट झाली, याचं इतकं बरं वाटतं की एका चढावर मी तिला चक्क हात लावून पाहिलं. (उतरून ढकलत होतो, म्हणून हात पोचला.)

घाटाईच्या देवराईत ऊन जमिनीपर्यंत येत नव्हतं. देवीच्या नावावर कुऱ्हाड थांबते, झाडं मात्र थांबत नाहीत. वेली खोडांना इतक्या विळखून गेल्या होत्या की कोण कुणाच्या आधारानं उभं आहे ते कळेना. वाटेवर गव्याचं शेण, ताजं, वाफ नसलेलं पण ओलं. मी घंटी वाजवत निघालो. गव्याला घंटीचं काय सोयरसुतक, पण माझ्या छातीला बरं वाटलं.

देवराई संपली की काही ठिकाणी डोंगराची कड अशी निमुळती होते की एकाच वळणावर दोन खोरी दिसतात. डावीकडं शिवसागर, म्हणजे कोयनेचं अडवलेलं पाणी. उजवीकडं खाली वेण्णेचं खोरं. वेण्णा माहुलीला कृष्णेला मिळते. कोयनाही मिळते, कऱ्हाडला. पण तिचं पुष्कळसं पाणी त्याआधी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पलीकडं उतरतं, टर्बाइनं फिरवतं आणि वाशिष्ठीतून कोकणात जातं. पावसाळ्यात या कडेवर पडलेल्या दोन शेजारच्या थेंबांतला एक बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागत असेल आणि दुसरा वीज करून अरबी समुद्राच्या. मी तिथं तोंड धुतलं. फेब्रुवारीचं ऊन; ते पाणी कुठंच गेलं नाही.

बाराच्या सुमारास जांभ्याच्या धारेनं मागचा टायर बाजूनं कापला. बोटभर चीर. आतला द्राव पांढऱ्या कारंज्यासारखा उडाला आणि संपला. जवळ ट्यूब होती, पण एवढ्या चिरेतून ती फुग्यासारखी बाहेर आली असती. आतून काहीतरी चिवट लावायला हवं होतं. शहाणे लोक पाकिटातली नोट घडी करून घालतात. माझ्याकडं होत्या दोन पाचशेच्या, धीर होईना. मग रस्त्याच्या कडेला मिळाली गुटख्याची रिकामी पुडी. २०१२पासून राज्यात बंदी असलेली ही वस्तू सह्याद्रीच्या कुठल्याही आडवाटेला, देवराईपासून शंभर पावलांवरही, हमखास सापडते. चौघडी करून चिरेला लावली. फिट्ट बसली. बंदीच्या अंमलबजावणीचे मी त्या क्षणी मनापासून आभार मानले.

हवा भरत होतो तेव्हा डोक्यावर वाळक्या फाट्यांचा भारा घेऊन एक आजी येऊन उभ्या राहिल्या. जवळच्या वाडीतल्या. भारा उतरवला, बसल्या, आणि माझं काम सासूच्या नजरेनं पाहू लागल्या.

"कुटनं आलास?"

"साताऱ्याहून. जायचंय परत साताऱ्यालाच."

"मंग हितनं कशापायी? खालनं डांबरी हाय की."

आता काय सांगणार. म्हणालो, "आजी, मला हा रस्ता आवडतो."

त्या हसल्या नाहीत. रस्त्याकडं एकदा पाहिलं, जणू मी दुसऱ्याच कुठल्या रस्त्याबद्दल बोलत असेन. "माज्या सुनंला ह्याच रस्त्यानं डोलीत घालून नेलती. चार गडी. आन् म्हनं आवडतो."

सून कशी आहे, हे विचारायला मला फार वेळ लागला. "हाय की," त्या म्हणाल्या. "पुन्याला असत्यात."

इटलीतल्या टस्कनीत पांढऱ्या मातीचे जुने रस्ते आहेत. त्यांवर डांबर पडू नये म्हणून १९९७ साली गायोले नावाच्या गावात काही लोकांनी जुन्या सायकलींची फेरी सुरू केली, 'लेरोइका'. आज तिथं जगभरातून हौशी माणसं येतात. ही हकीकत मी मित्रांना मोठ्या उत्साहानं सांगत असे. आपल्याकडंही असं व्हायला हवं, असं शेपूट जोडून. पंतप्रधान ग्रामसडक योजना २०००मध्ये आली तेव्हा साताऱ्यासारख्या भागात पाचशे लोकवस्तीची अट होती. आजींच्या वाडीत, त्यांनी बोटांवर मोजलं तर, बारा उंबरे आणि त्यातले पाच बंद. वाडीत माणसं कमी म्हणून रस्ता नाही, आणि रस्ता नाही म्हणून माणसं कमी. त्या शिल्लक राहिलेल्या मुरमावर मी माझे पंचेचाळीस मिलिमीटरचे टायर घेऊन आलो होतो, आणि खरं सांगायचं तर तिथं डांबर पडलं तर मी पुन्हा जाणार नाही. आजींच्या समोर बसूनही हे मला कळत होतं. आवडायचं काही थांबलं नाही.

निघताना त्यांनी कनवटीचं सोडून दोन शंभराच्या नोटा आणि गोळ्यांचं रिकामं पाकीट दिलं. बीपीच्या गोळ्या. "मेढ्यात ह्यो कागुद दाव. स्टँडाजवळ दुकान हाय. त्यो जीपवाल्याकडं देतोय." पैसे राहू द्या म्हटलं, तर नोटा त्यांनी माझ्या हातात कोंबल्या. फुकटचं औषध लागू पडत नाही, असं त्यांचं म्हणणं.

पुढचा रस्ता मी फारसा पाहिला नाही. गाळदेवच्या चढाला पायांत गोळे आले. माचुतरच्या अलीकडं काळ्या प्लास्टिकवर ओळीनं लाल स्ट्रॉबेऱ्या, पावशेर उभ्या उभ्या खाल्ल्या. डांबर लागलं तसा टायर मधमाश्यांसारखा घूं घूं करू लागला आणि मला चक्क हायसं वाटलं. दुकान बंद व्हायच्या आत पोचायचं होतं ना. केळघर घाटात ब्रेकवरची बोटं दुखून आली. गुटख्याची पुडी प्रत्येक फेऱ्याला टिक् टिक् वाजत राहिली.

मेढ्याला दिवेलागण झाली होती. दुकानदारानं पाकीट उलटसुलट केलं. "वरच्या आजी का? दोन महिन्यांच्या देतो." माझ्याकडं, माझ्या चड्डीकडं, गुडघ्यापर्यंतच्या तांबड्या धुळीकडं पाहून त्यानं काही विचारलं नाही. गोळ्या कागदी पिशवीत घातल्या, उरलेली मोड त्यातच टाकली, वर वाडीचं नाव लिहिलं आणि पिशवी गल्ल्याखालच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवली. जीप गुरुवारी जाते, म्हणाला, तीही फाट्यापर्यंत.

खोक्यात आधीच्या सात-आठ पिशव्या होत्या, प्रत्येकीवर एकेका वाडीचं नाव. दोन नावं मी दिवसा पाट्यांवर वाचली होती. बाकीच्यांना पाटी नव्हती.