पाणी कुठपर्यंत आलं होतं?

पुण्याजवळच्या जुन्या सांगवीत तळमजल्यावरची खोली भाड्यानं बघायला माणूस आला की भाडं, डिपॉझिट, पार्किंग हे सगळं नंतर. आधी तो भिंतीकडं बघतो आणि विचारतो, "पाणी कुठपर्यंत आलं होतं?" एका अंगाला पवना, दुसऱ्या अंगाला मुळा, आणि दोघींच्या बेचक्यात आम्ही. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२४च्या जुलैमध्ये नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. रंगाचे दोन हात मारले तरी भिंतीवरची ती रेघ जात नाही. पोपडे तिथूनच धरतात.

माझी एडिटिंगची खोली अशाच एका तळमजल्यावर आहे, कारण तीच परवडते. दिवसा चाकण-भोसरीच्या कंपन्यांच्या फिल्म करतो: हेल्मेट घाला, फोर्कलिफ्टच्या मागं उभे राहू नका. सीझनला लग्नं. आणि रात्री ‘आपलं काम’, म्हणजे ज्याचे पैसे मिळत नाहीत ते.

या रात्रीच्या कामापायी पोरं येतात. पिंपळे गुरवची, दापोडीची, कधी थेट चाकणहून. कुणी कंपनीत शिफ्टला, कुणी डिलिव्हरीवर. पेनड्राइव्हमध्ये मोबाइलवर शूट केलेली शॉर्टफिल्म, डोळ्यांत जागरण, आणि ओठांवर एकच प्रश्न: "दादा, सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?" पूर्वी मी उत्साहानं तासभर बोलायचो. हल्ली उलट विचारतो, "पाणी कुठपर्यंत आलं होतं?" पोरांना वाटतं, दादाची झोप झालेली नाही. तेही खोटं नाही.

२०२४च्या जुलैतली ती पहाट. गल्लीतून भोंगा फिरत होता, सखल भागातल्यांनी सामान हलवा म्हणून. मी आधी सीपीयू उचलला, मग हार्ड डिस्कची क्रेट, आणि तीन मजले चढून वरच्या काकूंच्या दारात उभा राहिलो. काकूंनी पलंगाखालचे गव्हाचे डबे सरकवून जागा केली. क्रेटकडं बघून म्हणाल्या, "एवढं काय आहे रे ह्यात?"

"पिक्चर आहेत काकू. बारा वर्षांचे."

"मग लाव की टीव्हीला. नाहीतरी झोप उडालीच आहे."

काय लावणार? त्या डिस्कांवर पिक्चर नव्हते. पिक्चरचे तुकडे होते, हजारो. कुठला तुकडा कुठून कुठपर्यंत घ्यायचा आणि कशाला जोडायचा, हे सांगणारी चिठ्ठी म्हणजे प्रोजेक्ट फाइल. तुकडे माझ्या क्रेटमध्ये, पण ती चिठ्ठी वाचणारा दुसराच. तो वाचेल तोपर्यंत माझा पिक्चर.

फिल्मच्या काळात हा घोर नव्हता. दादासाहेब फाळक्यांनी १९१२मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेऱ्याबरोबर फिल्मला भोकं पाडायचं यंत्रही आणलं, कारण कच्ची फिल्म तेव्हा बिनभोकांची मिळायची. सरस्वतीबाई अंधारात बसून ती भोकं पाडायच्या. पस्तीस मिलिमीटरच्या पट्टीवर एका फ्रेमला चार भोकं, हे माप जगभर एकच. म्हणून एका टेबलावर कापलेली रीळ दुसऱ्या गावच्या टेबलावर चढायची. मूव्हिओला असो की स्टीनबेक, रीळ विचारायची नाही की तू कुणाच्या कंपनीचा. रिळांनाही मरण होतंच म्हणा. जानेवारी २००३मध्ये पुण्यात, प्रभातच्या जुन्या आवारातल्या वॉल्टला आग लागली आणि नायट्रेटच्या कितीतरी फिल्म गेल्या. पण आगीतून वाचलेली रीळ निदान कुठल्याही खिडकीसमोर धरून बघता येते.

आमच्या धंद्यातला पूर २०११च्या जूनमध्ये आला. तोवर कमी पैशांत पिक्चर करणाऱ्या निम्म्या जगाचा संसार ॲपलच्या फायनल कट प्रो ७वर होता. ॲपलनं ते बंद केलं आणि फायनल कट प्रो एक्स आणलं. नवं सॉफ्टवेअर वेगवान होतं, हुशार होतं, फक्त जुन्याचे प्रोजेक्ट उघडत नव्हतं. पुढं मधले अनुवादक निघाले, पण ज्यांचा पिक्चर अर्ध्या कटवर होता त्यांची त्या महिन्यातली झोप कोण परत देणार? गंमत अशी की काही जणांनी घर सोडलंच नाही. ‘पॅरासाइट’ हा कोरियन सिनेमा २०१९चा, त्याचा संकलक यांग जिन-मो यानं तो त्याच बंद पडलेल्या फायनल कट ७वर कापला, आणि संकलनाच्या ऑस्करचं नामांकनही मिळवलं. हे उदाहरण मी पोरांना जपून सांगतो. नाहीतर ती दुसऱ्या दिवशी जुना मॅक शोधायला निघतात.

बाकीची घरंही पाहून घ्या. ॲव्हिड १९८९पासून उभं आहे. मोठ्या स्टुडिओंचा वाडा, शिस्तीचा, एकट्या माणसाला थोडा अंगावर येणारा. प्रीमियर १९९१चं. सगळ्यांना येतं, म्हणून मदतनीस पटकन मिळतो, पण २०१३पासून त्याची नवी आवृत्ती विकत मिळत नाही, भाड्यानंच राहायचं. भाडं थकलं की दाराला कुलूप आणि सामान आत. लग्नांच्या सीझनला हे जाणवत नाही, श्रावण-भाद्रपदात जाणवतं. दा विंची रिझॉल्व्हची गोष्ट न्यारी. एके काळी दा विंची म्हणजे रंगसंस्काराचं लाखो डॉलरचं यंत्र. २००९मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिकनं ती कंपनी घेतली आणि पुढं त्याच सॉफ्टवेअरची एक आवृत्ती चक्क फुकट सोडली. पूर्ण आवृत्ती २९५ डॉलर, एकदाच. मी सध्या इथंच राहतो. पण याचीही रेघ बघून ठेवा: प्रोजेक्ट तुमच्या रशेसच्या, म्हणजे शूट केलेल्या मूळ क्लिपांच्या, फोल्डरमध्ये नसतो, त्याचा डेटाबेस वेगळा, बहुधा सिस्टिमच्याच डिस्कवर. पुरात नुसती रशेसची डिस्क उचलून पळालात तर गहू नेला आणि जातं खालीच राहिलं. दर रात्री प्रोजेक्ट एक्सपोर्ट करून रशेसशेजारी ठेवायचा. आमच्याकडं गुरुवार हा लाइट जायचा वार, म्हणून मी बुधवारी रात्री दोनदा ठेवतो.

आणि केडेनलाइव्ह. फुकट, खुलं, आमच्यात फारसं कुणी वापरत नाही. त्याची प्रोजेक्ट फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते आणि आत चक्क वाचता येतं की कुठली क्लिप कुठून कुठपर्यंत. मला ते बघून फाळक्यांच्या घरातली भोकं आठवली. रंगासाठी मी रिझॉल्व्हकडंच जातो, पण ज्या पोराकडं आठ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे त्याला मी आधी हेच लावून देतो. सोबत दोन गोष्टी, कारण निम्मी भांडणं सॉफ्टवेअरशी नसतातच. मोबाइलचा व्हिडिओ एका सेकंदाला कधी तीस फ्रेम धरतो, कधी एकोणतीस, कधी सत्तावीस. दहाव्या मिनिटाला ओठ आणि आवाज वेगळे चालतात आणि पोरगं सॉफ्टवेअरला शिव्या देतं. हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून आधी एकसारखा फ्रेमरेट करून घे. आणि फोर-केच्या हट्टानं मशीनचा जीव घेऊ नको. छोट्या प्रॉक्सी, म्हणजे हलक्या नकला, कर, त्यांच्यावर काप, शेवटी मूळ जोड. एवढं केलं की जुन्या लॅपटॉपलाही पालवी फुटते.

माझे वडील टेल्कोत टूलरूमला होते. त्यांची एक लोखंडी पेटी होती: व्हर्नियर, गुण्या, स्वतः धार लावलेली टूलं. मशीन कंपनीचं, पेटी आपली, असं ते म्हणायचे. लेथ बदलली, शेड बदलली, पेटी तीच. मी पहिला कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "ह्यात तुझी पेटी कुठली?" मला उत्तर आलं नाही. चिडून म्हणालो होतो, आप्पा, हे वेगळं असतं.

वेगळं काही नसतं. रशेसचे फोल्डर, दिवसाप्रमाणं, कार्डाप्रमाणं. आवाजाच्या वेगळ्या फाइल. ईडीएल आणि एक्सएमएल या कटांच्या याद्यांच्या नकला. आणि कट कधी करायचा नाही, याची जाण. ‘कोर्ट’ या सिनेमात शेवटाकडं कोर्टाची खोली रिकामी होते, दिवे बंद होतात, पडदा अंधारतो, आणि आपल्याला वाटतं संपलं. संपलेलं नसतं. त्या अंधारावर हात आवरून बसणं कुठल्याच मेनूत नाही.

माझी एक परीक्षा मात्र सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या गावीही नसते. नवं काही उतरवलं की मी टायटलच्या चौकटीत तीन शब्द टाइप करतो: ‘कुऱ्हाड’, ‘स्थित्यंतर’, ‘किर्र’. एकानं, नाव घेत नाही, ‘कि’ची वेलांटी क च्या पुढं नेऊन टांगली. दुसऱ्यानं कुऱ्हाडीतला र मोडून पाय तसाच लटकत ठेवला. हा आपला अर्धा र, पापणीसारखा, हिंदीवाल्यांना लागत नाही, म्हणून तो कुणी तपासतही नाही. पण दऱ्या-खोऱ्या, वाऱ्या, सुऱ्या, न्याऱ्या तऱ्हा. मराठी सिनेमाचं नाव त्याच्याशिवाय किती दिवस चालेल? सबटायटल इंग्रजीत निभावतात, आईचं नाव श्रेयनामावलीत मोडकं दिसलं तर निभावत नाही. पूर्वी आम्ही श्रीलिपीच्या जुन्या फाँटांवर वेळ मारून न्यायचो. अक्षर दिसायचं बरोबर, आतून मात्र ती भलतीच चिन्हं. आता ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्त, बलू असे युनिकोड फाँट फुकट मिळतात, आणि टायटल बिघडलंच तर ते बाहेर इंकस्केपमध्ये करून पारदर्शक पीएनजी म्हणून आणायचं. लांबचा वळसा आहे. पण पोहोचवतो.

पूर ओसरल्यावर महिनाभरानं एका दिग्दर्शक मित्राचा फोन आला. २०१३मध्ये आम्ही एकोणीस मिनिटांची शॉर्टफिल्म केली होती. ती एका ठिकाणी दाखवायची होती, आणि त्याचे वडील गेल्यामुळं सुरुवातीला त्यांच्या नावाची पाटी घालायची होती. एक पाटी, पाच मिनिटांचं काम. डिस्क उघडली. रशेस होत्या, प्रोजेक्टही होता. पण २०१३चं माझं सॉफ्टवेअर चोरीचं होतं, गल्लीतल्या सगळ्यांचं असायचं तसं, आणि ते चालणारं मशीन कधीच भंगारात गेलेलं. फायनल एक्सपोर्ट सापडला तो छोट्या साइजचा, यूट्यूबसाठी केलेला, तो घेऊन मोठ्या पडद्यावर जाणं शक्य नव्हतं. कुणाला बोल लावणार? पाणी माझ्याच चुकीनं आत आलं होतं.

मग आठवलं: त्या वेळी कलर करणाऱ्यानं ईडीएल मागितली होती, मी ईमेलनं पाठवली होती. शोधली. वीसेक केबीची टेक्स्ट फाइल. ईडीएल ही व्हिडिओ टेपच्या जमान्यातली गोष्ट. एका ओळीत एक कट: क्रमांक, रीळ, कुठून, कुठपर्यंत, आणि खाली क्लिपचं नाव. त्यात ना टायटल येतात, ना रंग, वेगाचे खेळ आणि आवाजही जेमतेम. पण माणसाला वाचता येते. एकशे त्रेचाळीस ओळी. नोटपॅडमध्ये वाचत गेलो तसतशी फिल्म डोळ्यांसमोर चालू लागली.

रिझॉल्व्हमध्ये ती यादी घातली, रशेसचा फोल्डर दाखवला, आणि टाइमलाइन भरत गेली. एकतिसाव्या कटला फिल्ममधल्या आईच्या चेहऱ्याऐवजी शेळी आली. कॅमेऱ्यानं दुसऱ्या कार्डावर पुन्हा एकपासून नंबर सुरू केले होते, एकाच नावाच्या दोन क्लिपा. फोल्डर कार्डाप्रमाणं वेगळे ठेवले होते म्हणून आई सापडली. अशा अकरा शेळ्या काढल्या. आवाज यूट्यूबवाल्या एक्सपोर्टमधून घेऊन खाली ठेवला, ओठ जुळवून पाहिले. वडिलांच्या नावाची पाटी मुक्त फाँटात केली. त्यांच्या गावाच्या नावात पापणीचा र होता, तो मी दोनदा मोठा करून पाहिला. चार रात्री गेल्या. काकू एकदा डोकावून गेल्या. अजून टीव्हीला लागलं नाही का, म्हणाल्या.

एकशे बेचाळीस सरळ कट, आणि सत्त्याण्णवाव्या ओळीत एकच डिझॉल्व्ह, एक दृश्य विरत दुसरं येणारा. आई दाराला कडी लावते तिथून नदीवर. मला तेव्हा तिथं सरळ कट हवा होता, दिग्दर्शक मित्राला डिझॉल्व्ह. आम्ही दोन दिवस बोलत नव्हतो. आता खोलीत मी एकटा होतो. कट करून पाहिला. अजूनही मला तोच आवडला. रात्री साडेअकराला त्याला फोन लावला.

"ऐक ना, तो डिझॉल्व्ह काढू का?"

तिकडं बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, "कुठला डिझॉल्व्ह?"

मी फोन ठेवून ओळ पुन्हा वाचली. ०९७, डी, ०२४. चोवीस फ्रेम, एक सेकंद. यादीत होता तसा परत घातला आणि एक्सपोर्टला लावून झोपलो. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता.