रिकामा म्हणजे किती रिकामा?

आमच्या पिढीच्या घरांत रिकामा डबा ही टाकून देण्याची वस्तू कधीच नव्हती. वनस्पती तुपाचा डबा संपला की त्यात डाळ येई; डाळीचे दिवस सरले की तळाला चार भोके पाडून त्यात तुळस लावली जाई. गोडेतेलाच्या चौकोनी डब्याला आडवी लाकडी दांडी ठोकली की पाणी भरायची सोय होई. पितळेची भांडी कल्हईवाल्याच्या हातून वर्षावर्षाला नवी होत. या सवयीमागे गरिबी होतीच; पण वस्तूविषयीचा एक आदरही होता, आणि आज आपण ज्याला पुनर्वापर म्हणतो त्याचे शिक्षण आपल्याला कोणी वेगळे दिले नव्हते. अडचण एवढीच की त्या काळातले सगळे डबे आतून आणि बाहेरून सारखेच असत. झाकण उघडले, तळ दिसला, की डबा रिकामा. आज आपल्या घरांत असे डबे आले आहेत की ज्यांचा तळ आपल्याला कधीच दिसत नाही.

माझे वडील साताऱ्यात राहतात. वय ८४. साताऱ्यासारख्या चढउताराच्या गावात त्यांनी सेहेचाळीस वर्षे सायकलचे दुकान चालवले. तासाच्या भाड्याने सायकली दिल्या, पंक्चरे काढली, वाकलेल्या रिमा सरळ केल्या. आता हात थरथरतात. तीन वर्षांपूर्वी पडल्यापासून भावाने त्यांच्या हत्यारांची पेटी माळ्यावर ठेवली आहे. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी वेदनाशामक स्प्रे दिलेला आहे. त्याचे संपलेले अकरा डबे आप्पांनी कपाटात ओळीने मांडून ठेवले होते. त्यांचा बेत ठरला होता. डब्याच्या बुडाला भोक पाडायचे, त्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवून डाख द्यायचा, आत निर्गुडीचे तेल ओतायचे आणि सायकलच्या पंपाने हवा भरायची. नातवाने मोबाइलवर अशी एक चित्रफीत दाखवली होती. "अगं, पत्रा चांगला, झडप चांगली, तोटी चांगली. गेली ती फक्त हवा. आणि हवा तर मी जन्मभर भरत आलो," ते म्हणाले.

घरातल्या सर्वांनी त्यांना एका शब्दात उत्तर देऊन टाकले होते: नाही. वृद्धांची काळजी घेणाऱ्या माणसांच्या तोंडी हा शब्द फार लवकर येतो. जिना नाही, गॅस नाही, एकट्याने बाहेर नाही. त्यातले बरेचसे नकार योग्यही असतात. पण ज्याच्या हाताने अर्ध्या गावाच्या सायकली चालत्या राहिल्या, त्याला कारण न सांगता नकार देणे मला पटेना. मी सांगलीत पस्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. म्हटले, आज वर्गात एकच विद्यार्थी, आणि तोही बापच.

पहिली गोष्ट, त्या डब्यात हवा नव्हतीच. आपल्या घरातल्या बहुतेक स्प्रेंमध्ये, म्हणजे अंगावर मारायचा सुगंध असो, डासांचे औषध असो वा दुखण्यावरचा फवारा असो, औषधाला बाहेर ढकलण्यासाठी प्रोपेन-ब्युटेन जातीचा वायू दाबाखाली द्रवरूपात भरलेला असतो. स्वयंपाकाच्या सिलिंडरात असतो त्याच्याच कुळातला. पूर्वी या कामाला क्लोरोफ्लुओरोकार्बन वापरत. ते ओझोनच्या थराला घातक आहेत, असे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ साली दाखवून दिले. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर त्यांचा वापर बंद होत गेला आणि घरगुती डब्यांत ज्वालाग्राही वायू आले. ओझोन वाचला हे चांगलेच झाले. मात्र देवघरातल्या समईशेजारी ठेवलेला सुगंधाचा डबा आता आगीशी सलगी करणारा पाहुणा झाला, हे फारसे कोणी आपल्याला सांगितले नाही.

हा वायू द्रवरूपात असल्याचा एक मोठा फायदा असतो. थोडे औषध बाहेर गेले की तेवढ्या जागेत थोडा द्रव उकळून वायू होतो आणि आतला दाब जवळजवळ होता तेवढाच राहतो. म्हणून पहिला फवारा आणि शेवटचा फवारा सारखाच बारीक येतो. नुसती हवा भरली तर तसे होत नाही. तेल जसजसे बाहेर जाते तसतशी हवा पसरते, दाब उतरतो. दोन-चार फवाऱ्यांनंतर थेंब, आणि थेंबांनंतर ओघळ. आप्पांना हे स्टोव्हवरून लगेच उमगले. पंपाचा स्टोव्ह दर थोड्या वेळाने हवा मागतो. सिलिंडरची शेगडी शेवटपर्यंत एकसारखी जळते. "म्हणजे हा स्टोव्ह नव्हे, सिलिंडर आहे तर," त्यांनी निकाल दिला.

दुसरी गोष्ट पत्र्याची. फवाऱ्याच्या डब्याची कल्पना नॉर्वेतील एरिक रोथाइम या अभियंत्याची, १९२० च्या दशकातली. दुसऱ्या महायुद्धात मलेरियाच्या डासांपासून सैनिकांना वाचवण्यासाठी अमेरिकेच्या कृषी खात्यातील गुडह्यू आणि सलिव्हन यांनी कीटकनाशकाचे असे डबे तयार केले. ते जाड पोलादी होते. पुढे १९४९ मध्ये रॉबर्ट अॅबप्लानाल्प यांनी स्वस्त झडप शोधली, दाब कमी ठेवता आला, पत्रा पातळ झाला आणि डबा घरोघरी पोहोचला. त्याचा हलकेपणा हेच त्याच्या एकवार असण्याचे कारण आहे. कारखान्यातून भरून निघताना त्यात साधारण वातावरणाच्या तिप्पट ते पाचपट दाब असतो, आणि त्या बेतानेच, एकदाच भरण्यासाठी, त्याची घडण केलेली असते. स्वयंपाकाचा सिलिंडर पुन्हा पुन्हा भरतात, कारण त्याचे पोलाद जाड असते आणि त्याची ठरावीक मुदतीने तपासणी होते; त्याच्या वरच्या पट्टीवर अ, ब, क, ड या अर्थाचे इंग्रजी अक्षर आणि वर्ष लिहिलेले असते, ते वर्षाच्या कोणत्या तिमाहीत तपासणी आहे ते सांगते. (सिलिंडर घेताना ते पाहण्याची सवय किती घरांत आहे?) भोक पाडून डाख दिलेल्या डब्याची तपासणी कोण करणार?

यावर आप्पा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ट्यूब फुटत नाही, कारण तिला बाहेरून टायर धरून ठेवतो. ट्यूब नुसती बाहेर काढून फुगवली तर ती गलगंडासारखी एकीकडेच फुगते आणि जाते. या डब्याला टायर कुठंय?" माझ्या पस्तीस वर्षांच्या अध्यापनात याहून नेमके उत्तर मला कुणाच्या वहीत मिळाले नाही.

तिसरी गोष्ट मात्र मलाच जोर देऊन सांगावी लागली. हलवून आवाज येत नाही, दाबून फुस्स होत नाही, म्हणजे डबा रिकामा, असे आपण समजतो. त्याचा अर्थ इतकाच की आतला दाब बाहेरच्या हवेइतका झाला. आत अजून तोच वायू भरलेला असतो. अशा डब्याला भोक पाडताना उडालेली ठिणगी, किंवा डाख देण्यासाठी तापवलेली इस्तरी, पुरेशी ठरू शकते. हवा भरण्याच्या धोक्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच अपघात घडू शकतो तो इथे. कोरेगावकडच्या आमच्या एका नातेवाइकांच्या घरी असा डबा कचऱ्याबरोबर पाणी तापवायच्या बंबात गेला होता. बंबाचे झाकण न्हाणीघराच्या कौलापर्यंत उडाले. अंघोळीला जाणारी व्यक्ती टॉवेल विसरला म्हणून परत फिरली होती, एवढेच दैव. डब्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेले असते की पन्नास अंशांपुढे तापू देऊ नका, भोसकू नका, वापरून झाल्यावरही जाळू नका. ज्यांच्या गुडघ्यांसाठी तो डबा असतो, त्यांच्या डोळ्यांना ती अक्षरे दिसत नाहीत. मे महिन्यात सांगलीत उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या आत पन्नास अंश सहज होतात, तेव्हा असा डबा गाडीतही ठेवू नये.

आणि निर्गुडीचे तेल? ते बाटलीतून तळहातावर घ्यावे, कोमट करावे आणि हाताने चोळावे. स्प्रेने जो गारवा वाटतो तो बराचसा उडून जाणाऱ्या वायूचा आणि मेंथॉलचा असतो. तेलाच्या फवाऱ्यातून तो मिळणार नाही. उलट तेलाचे बारीक तुषार श्वासाबरोबर फुप्फुसात गेले तर तिथे दाह होऊ शकतो, आणि वारंवार गेले तर एका प्रकारचा न्यूमोनिया होतो. शिवाय चोळणारा हात कोणाचा तरी असतो. संध्याकाळी वहिनी किंवा नातू दहा मिनिटे आप्पांच्या गुडघ्याशी बसतात. त्या दहा मिनिटांची बरोबरी कुठलाही डबा करील असे मला वाटत नाही.

फवाऱ्याची हौस मात्र मोडायची नव्हती. आप्पांच्याच माळ्यावर जुना फ्लिटचा पंप निघाला. ज्यांचे बालपण १९५० आणि १९६० च्या दशकांतले आहे, त्यांना तो आठवत असेल: लांब नळी, मागे लाकडी मूठ, पुढे खाली लटकणारी डबी. फ्लिट हे मूळचे अमेरिकेतल्या एका कीटकनाशकाचे नाव. आपण ते पंपाला देऊन टाकले. त्यात दाब साठत नाही. हात थांबला की फवारा थांबतो, म्हणूनच तो कितीही वेळा भरता येतो. आप्पांनी त्याचा चामड्याचा वॉशर बदलला. धुवून स्वच्छ केला तरी पूर्वी त्यात कीटकनाशक असल्यामुळे तो आता फक्त कुंड्यांतल्या जास्वंदीला पाणी मारण्यासाठी आहे. ज्यांना घरी काही फवारायचे असेल त्यांनी खटका दाबायची प्लॅस्टिकची साधी बाटली घ्यावी. बाटली कशाचीही असो, आत काय आहे ते मोठ्या मराठी अक्षरांत लिहून चिकटवावे. रिकाम्या बाटलीत दुसरे काही भरले की तिच्यावरचे छापील नाव खोटे ठरते. तासगाव-मिरज पट्ट्यात द्राक्षबागांची औषधे घराच्या जवळ असतात. शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवलेले औषध मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना सरबतासारखे दिसू शकते.

आता सांगलीची गोष्ट. गावभागातल्या आमच्या घरी सासूबाईंना, वय ७९, श्वासाचा जुना विकार आहे. अर्धे आयुष्य चुलीच्या धुरात गेले, त्याची ही शिल्लक. त्यांचा रोजचा इनहेलर १२० मात्रांचा. सकाळी दोन, रात्री दोन. म्हणजे तीस दिवस. सुरू केल्याची तारीख मी डब्यावर लिहून ठेवते. गेल्या हिवाळ्यात चौतीस दिवस झाले तरी नवा खोका न उघडता पडलेला मला दिसला, आणि सासूबाईंचा दम जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरच लागत होता. विचारले तर म्हणाल्या, "अजून फुस्स होतंय की गं. चांगला डबा कसा टाकायचा?"

इथे साताऱ्याचा धडा नेमका उलटा होतो. तिथला डबा आवाज न करताही रिकामा नव्हता. इथला डबा आवाज करीत असूनही रिकामा होता. इनहेलरमध्ये औषध आणि ते ढकलणारा वायू असे दोन घटक असतात. लिहिलेल्या मात्रा संपल्यावरही वायू उरतो, फवारा उडतो, तोंडाला गारही लागतो. पण त्यात औषध किती, याचा भरवसा राहत नाही. रोजच्या औषधात हे ध्यानात यायला दिवस लागतात. अचानक दम लागल्यावर वापरायच्या इनहेलरमध्ये मात्र तेवढा वेळ नसतो. डबा हलवून पाहणे किंवा पाण्यात टाकून तो तरंगतो का ते पाहणे, हे जुने उपाय विश्वासार्ह नाहीत. पाण्याने झडपही बिघडू शकते. काही इनहेलरवर मात्रा मोजणारा आकडा असतो, तो पाहावा. नसेल तर तारीख आणि भागाकार. तातडीचा इनहेलर रोज लागत नसल्याने त्याच्या वापराच्या खुणा कागदावर कराव्यात. आणि तो पुन्हा भरण्याचा विचार कोणीही करू नये.

गंमत अशी की या इनहेलरचा जन्मच फवाऱ्याच्या डब्याकडे पाहून झाला. १९५५ साली अमेरिकेत रायकर लॅबोरेटरीज या औषध कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या दम्याने आजारी असलेल्या १३ वर्षांच्या मुलीने वडिलांना विचारले, केसांच्या स्प्रेसारखे माझे औषध का मिळू शकत नाही? पुढच्याच वर्षी ते बाजारात आले. ही गोष्ट मी सासूबाईंना सांगितली. त्यांना मुलीचे कौतुक वाटले. डबा टाकायला मात्र त्या तरीही नाखूश होत्या.

त्यांची समजूत अखेर आप्पांनी काढली. मी फोनवर सगळे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, विहीणबाईंना फोन दे. पलीकडून काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही. पण सासूबाई हसल्या आणि खणातला नवा खोका त्यांनी स्वतः उघडला. तेव्हापासून तारखेचे काम आप्पांकडे आहे. साताऱ्याच्या दिनदर्शिकेवर दर तिसाव्या दिवसाभोवती त्यांनी लाल गोल केले आहेत, थरथरत्या हाताने थोडे वाकडे. त्या दिवशी सकाळी साडेसातला सांगलीत फोन वाजतो.

ते अकरा डबे आता कपाटात नाहीत. भावाने मोकळ्या अंगणात, दिवा-विडी काही जवळ नसताना, एकेकाची तोटी आवाज थांबेपर्यंत दाबून धरली, न भोसकता ते वेगळ्या पिशवीत घातले आणि आत काय आहे ते सांगून घंटागाडीवाल्याच्या हातात दिले. कीटकनाशकांचे डबे तर २०१६ च्या घनकचरा नियमांप्रमाणे घरगुती घातक कचऱ्यात मोडत असत. ते ओल्या-सुक्यात मिसळायचे नसतात. टोपणे मात्र आप्पांनी काढून ठेवून घेतली. स्क्रू ठेवायला बरी पडतात म्हणे.