परसातली जमीन आणि आमचा कॉम्प्युटर

मुलांनो, आणि वर्ग सुटेपर्यंत बाहेर गाडीत बसून हा अंक चाळणाऱ्या पालकांनो, कॉम्प्युटर म्हणजे एक महागडा हीटर आहे असे कोणी सांगितले तर हसू नका. त्यात जेवढी वीज जाते तेवढी शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. गेम खेळा, गणिते करा नाहीतर चित्रे काढा. ४०० वॅट आत गेले की ४०० वॅटची ऊब बाहेर.

आमच्या लेकीचा कॉम्प्युटर पाण्याने थंड होणारा आहे. पुष्कळांना वाटते, पाणी आहे म्हणजे खोलीही गार राहील. पण पाणी हा नुसता हमाल. चिपवरची उष्णता उचलायची आणि दोन हात लांब रेडिएटरमध्ये नेऊन टाकायची, एवढेच त्याचे काम. खोली तीच, उष्णताही तीच. तिची खोली वरच्या मजल्यावर, पश्चिमेला. न्यू जर्सीतल्या जुलैत दुपारी चारनंतर तिथे बसवत नाही. गणपतीच्या कार्यक्रमात आपण सर्वांनी पाहिलेली कोल्ह्याची कार्टून फिल्म तिला तिथेच बनवायची होती, आणि तिची शेवटची चित्रे तयार करायला मशीन चार दिवस अखंड चालणार होते.

"बाबा, उष्णता घराबाहेर नेऊन पुरता नाही का येणार?" हा प्रश्न तिने आदल्या वर्षीच विचारला होता. त्याला पहिले उत्तर दिले ते आमच्या आईने. ती साताऱ्याकडची. थंडीत पहाटे विहिरीचे पाणी कोमट लागते आणि वैशाखात तेच गार, हे तिला कोणी शिकवावे लागले नाही. खरे तर पाणी फारसे बदलत नाही, बदलते ती वरची हवा. जमीन उष्णता फार सावकाश आत घेते आणि तितक्याच सावकाश सोडते, म्हणून खोल गेले की उन्हाळा-हिवाळा पुसट होत जातो आणि वर्षाची सरासरी तेवढी उरते. आमच्याकडे ही सरासरी सुमारे १२-१३ अंश सेल्सिअस, पुण्याला २५च्या आसपास. तेव्हा पुण्याच्या काकांनी हा लेख वाचून लगेच कुदळ घेऊ नये; फायदा तिथे बराच कमी.

आम्ही चार फूट, म्हणजे १.२ मीटर खोल गेलो. एवढ्या खोलीवर ऋतू पूर्ण पुसले जात नाहीत, पण महिनाभर उशिरा पोचतात. लेकीने जमिनीत थर्मामीटर सोडून वही ठेवली आहे. जूनच्या मध्यावर तिथे १६ अंश होते आणि सर्वांत जास्त, १९, ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात.

खोदण्याआधी ८११ला फोन करायचा. माणसे येऊन गवतावर रंगाच्या रेघा मारून जातात : पिवळी गॅसची, लाल विजेची, निळी पाण्याची. यासाठी आपल्याला पैसे पडत नाहीत आणि हे टाळायचे नसते. मग चर खणायचे यंत्र एक दिवस भाड्याने आणले. मुलांना चरात उतरायची सक्त मनाई होती, कारण मातीची भिंत न सांगता ढासळते. तळाशी १०० फूट प्लॅस्टिकचा अखंड नळ घातला, जमिनीखाली एकही जोड न ठेवता. जमिनीतले पाणी आणि कॉम्प्युटरमधले पाणी मात्र एकमेकांत मिसळत नाही. तळघरात पातळ पत्र्यांची एक पेटी आहे, तिच्यात दोन्ही पाणी शेजारून जातात आणि पत्र्यातून फक्त उष्णता पलीकडे जाते. एक बाजू गळली तरी दुसरी शाबूत. भिंतीतून बाहेर पडतो तिथे नळ जमिनीच्या वरच्या थरात असतो, म्हणून बाहेरच्या पाण्यात न गोठणारे द्रव्य मिसळले आहे.

आता गंमत बघा. धोका पाणी गरम होण्याचा कमी, फार गार होण्याचाच जास्त. ताकाचा गार पेला उन्हाळ्यात टेबलावर ठेवला की बाहेरून घामेजतो ना? तसाच घाम १६ अंशांचे पाणी वाहणाऱ्या नळीला जूनच्या दमट हवेत येतो, आणि कॉम्प्युटरच्या आत थेंब म्हणजे खेळ खलास. मशीन जोरात चालू असले की पाणी आपोआप तापते आणि घाम येत नाही. मशीन रिकामे बसलेले आणि पंप मात्र चालू, ही वेळ वाईट. म्हणून मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. हवेतली वाफ ज्या तापमानाला थेंब धरते, त्याच्या जवळ पाणी आले की बाहेरचा पंप बंद.

आईचा प्रश्न वेगळाच होता. चर तिच्या मेथीच्या वाफ्याखालून गेला आहे. "अरे, ती उष्णता पुरताय खरी, पण ती जाणार कुठे?" इंजिनिअर लोक नेमका हाच प्रश्न विसरतात. जमीन म्हणजे गारव्याचा अथांग साठा नव्हे. नळाभोवतीची माती आधी तापते आणि मग हळूहळू पलीकडच्या मातीला देते. फिल्मच्या त्या चार दिवसांत हे आकड्यांत दिसले. पहिल्या तासाअखेर जमिनीकडून परत येणारे पाणी २५ अंश होते, चौथ्या दिवशी २९. मशीन बंद केल्यावर बरेचसे एका रात्रीत उतरले, पण शेवटचा अंश उतरायला तीन दिवस लागले. मेथीला काही झाले नाही. वरून पडणाऱ्या उन्हापुढे आमचे ४०० वॅट म्हणजे किस झाडकी पत्ती. नोव्हेंबर ते मार्च आम्ही व्हॉल्व्ह फिरवून खोलीतलाच रेडिएटर वापरतो. थंडीत ती ऊब घरातच हवी असते आणि जमिनीलाही तेवढीच विश्रांती.

पैसे वाचतात का, असे मला दर रविवारी पार्किंगमध्ये कोणीतरी विचारते. एअर कंडिशनरचे उन्हाळाभरात पंधराएक डॉलर वाचतात, त्यातले काही पंप खातो. खर्च झाला सहाशेच्या वर. फक्त पैशासाठी हे करायचे असेल तर रेडिएटर सरळ तळघरात न्या. तळघरही जमिनीतच आहे, आणि निम्मे काम खड्ड्याशिवाय होते. आमच्या घरी मात्र जुलैतही ती दार लावून, पंख्याच्या घरघरीशिवाय, आजीच्या आवाजात कोल्ह्याचे संवाद रेकॉर्ड करू शकली.

तापमानाची वही पुढच्या रविवारी वर्गात आणतो. आलेख काढायला कोणाला हव्या असतील तर झेरॉक्स प्रती देईन. खाली शेवग्याच्या शेंगेचे चित्र आहे त्या पानाकडे लक्ष देऊ नका, ते धाकट्याचे काम आहे.