आतल्या पानावरची बातमी

वळवाचा पाऊस यायच्या आधी मध्यम लहरींवरचा रेडिओ तडतडायला लागतो. आभाळ अजून कोरडं असतं, वारा पडलेला असतो, पण तिकडे आंबा घाटाच्या बाजूला विजा सुरू झालेल्या असतात आणि त्यांतली प्रत्येक वीज निवेदकाच्या वाक्यात येऊन फुटते. पडवीत बसलेले आप्पाकाका तेवढ्यावरून हाक देतात, "आमसुलं आत घ्या गो." आम्ही डोळस माणसं अंगणात जाऊन वर बघतो. वर काही नसतं. तरी सुपं उचलतो, कारण आप्पाकाकांचा अंदाज सहसा चुकत नाही. एफएमवर ही तडतड ऐकू येत नाही. तो स्वच्छ असतो, म्हणून आप्पाकाकांच्या दृष्टीने अर्धा मुका.

"दृष्टीने" हा शब्द त्यांच्याबाबत वापरताना पूर्वी मी अडखळायचे. आता नाही. ते स्वतः "बघू", "बघितलं", "दिसतंय मला" असंच बोलतात. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. रत्नागिरीच्या रहाटाघर स्थानकातल्या लाउडस्पीकरवरून गाड्या पुकारण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. निवृत्तीनंतर काचबिंदूने नजर गेली, तीही एकदम नाही. काचबिंदू आधी कडा खातो. समोरचं दिसत राहतं आणि बाजूचं जग गुपचूप कमी होत जातं. आप्पाकाकांना आधी बाजूने येणारा सायकलवाला दिसेना, मग ताटातली डावी बाजू, मग छापलेल्या ओळीचं टोक. वाचता वाचता ओळ मधेच संपायची. सगळ्यात शेवटी मथळे गेले.

त्यांचा ट्रान्झिस्टर जुना आहे. काट्याच्या चकतीला त्यांनी कुठेही खूण केलेली नाही. पूर्ण डावीकडे फिरवायचं आणि मग अंगठ्याने मोजत परत यायचं, की रत्नागिरी केंद्र, ११४३ किलोहर्ट्झ. आवाज बारीक वाटला तर ते आवाज वाढवत नाहीत, सबंध रेडिओ जरासा वळवतात. आतली कांडी केंद्राच्या दिशेला आडवी आली की आवाज भरतो. घरात कुणी स्वस्तातला चार्जर लावला की रेडिओ गुरगुरतो आणि आप्पाकाका जागेवरूनच विचारतात, "कोणाचा मोबाइल लावलाय?" रात्र झाली की मध्यम लहरी वरच्या हवेला आपटून लांब लांब जातात. मग आपल्या केंद्राच्या शेजारी समुद्रापलीकडची अरबी गाणी येऊन बसतात. दिवसा पावस ऐकायचं, रात्री आखात. मला त्यात मौज वाटायची. आप्पाकाकांना मात्र लांबचं ऐकण्याची कधी हौस नव्हती. त्यांना पाहिजे होतं ते जवळचं, आणि जवळचं मिळवणं हेच सगळ्यात अवघड.

पुण्याहून सुधा नरवणे प्रादेशिक बातम्या द्यायच्या तेव्हापासून आमच्या घरात सकाळच्या बातम्यांच्या वेळी मिक्सर लावायला बंदी आहे. त्या बातम्यांत सबंध महाराष्ट्र बसवायचा असतो. त्यात आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला एखादं वाक्य येतं, तेही बहुतेक जुलैत. जगबुडीने खेडला इशारा पातळी ओलांडली, राजापूरच्या जवाहर चौकात पाणी आलं. उरलेलं वर्षभर आम्ही बातमीत नसतो. याबद्दल तक्रार नाही. राज्याच्या बातमीपत्राने मांडवीतल्या गल्लीची दखल घ्यावी असं कोण म्हणेल? पण आप्पाकाकांना रोज लागते ती नेमकी गल्लीचीच. शीळ धरणात पाणी किती उरलं, म्हणजे मे महिन्यात नळ रोज येणार की दिवसाआड? दुरुस्तीसाठी वीज कधी जाणार? वस्तीची गाडी बंद झाली म्हणतात, ती कुठली? आणि गेलं कोण?

डोळस माणसाला निम्म्या बातम्या बातमी म्हणून कळतच नाहीत. त्या नजरेला पडतात. नाक्यावर फळा असतो, वाचनालयाच्या दारावर कागद डकवलेला असतो. एखाद्या घरापुढे सकाळीच पायताणांचा ढीग दिसतो. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं दिसतं. बँकेपुढे रांग, मारुती मंदिरापाशी मांडव, भाट्याच्या पुलावर खोळंबलेल्या गाड्या. आपण काही विचारत नाही, कुणी काही सांगत नाही, आणि घरी येईपर्यंत गावाची हालहवाल आपल्याला ठाऊक झालेली असते. ज्याला दिसत नाही त्याला यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी तोंडाने सांगावी लागते. सांगणाऱ्याला ती सांगण्याजोगी वाटतच नाही, तिथे सगळं अडतं. दिल्लीत मंत्रिमंडळ बदललं हे आप्पाकाकांना आपल्याआधी कळतं. तीन घरं सोडून राहणारे मास्तर गेले हे तिसऱ्या दिवशी कळतं, आणि तेही "अरे, आप्पांना कुणी सांगितलंच नाही का!" अशा वाक्यातून.

म्हणून वर्तमानपत्र. ते वाचून दाखवायला मी बसते तेव्हा पहिलं पान त्यांना नको असतं. "ते झालं रेडिओवर. आत चल." आत म्हणजे निधनवार्ता, मग एसटी, मग नगरपरिषद, मग बाजार, मग जाहीर नोटिसा. सातबाऱ्यावरच्या वारसांच्या नोटिसांत त्यांना कादंबरीइतका रस. वाचून दाखवणारा माणूस नकळत संपादक होऊन बसतो. हे बोअर आहे, हे त्यांच्या कामाचं नाही, या बातमीने उगाच त्रास होईल असं आपणच ठरवतो आणि पुढे सरकतो. आप्पाकाकांना ते कागदाच्या आवाजावरून समजतं. "पान लवकर उलटलंस. खाली चौकट होती ना?" चौकट असतेच. बहुधा पंपाच्या निविदेची असते. तीही वाचावी लागते.

मोबाइल आल्यावर हे सगळं सुटेल असं वाटलं होतं. पुतण्याने टॉकबॅक सुरू करून दिलं. बोट फिरेल तिथलं फोन बोलून दाखवतो. आप्पाकाकांनी महिन्याभरात ते आत्मसात केलं, पण त्यातून बाहेर काय आलं? गावाचं वर्तमान हल्ली व्हॉट्सअॅपवर फिरतं ते चित्र होऊन. पेपरचं कात्रण, फोटो काढलेलं. श्रद्धांजलीचा बॅनर, फुलांच्या चौकटीत. वीज कंपनीचं पत्रक, तिरकं स्कॅन केलेलं. आपण ते वाचतो, त्यांचा फोन ते वाचत नाही. तो नुसतं "इमेज" म्हणतो. पुढची इमेज. त्याच्या पुढची इमेज. ज्या मजकुराकडे सगळ्यांचं लक्ष जावं म्हणून फुलांची चौकट केली, तो मजकूर त्या चौकटीनेच एका माणसासाठी बंद केला. क्वचित एखादी फाइल अक्षरांची असते, तर ती जुन्या फाँटमधली. छापखान्यांनी वर्षानुवर्षं जे मराठी फाँट वापरले त्यांत पडद्यावर 'ग्रामपंचायत' दिसतं, पण संगणकाच्या लेखी आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात. युनिकोड नसलेलं ते मराठी फोन उच्चारायला लागतो तेव्हा आप्पाकाका म्हणतात, "याच्या अंगात आलंय."

अंधांसाठी मराठीत काही झालंच नाही असं मुळीच नाही. स्वागत थोरातांनी २००८ च्या फेब्रुवारीत 'स्पर्शज्ञान' हे ब्रेलमधलं पाक्षिक सुरू केलं. मुंबईत नॅब या अंधांसाठीच्या संस्थेने बोलकी पुस्तकं केली, आधी कॅसेटवर, मग डेझी या डिजिटल रूपात. अंधांसाठीच्या साहित्याला भारतीय टपालखातं हशील घेत नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. आमच्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात घराडीला, स्नेहज्योती निवासी अंध विद्यालय आहे. तिथली पोरं बोटांनी वाचतात. पण ब्रेल लहानपणी बोटांत बसतं. जगभर दृष्टी गमावलेल्यांत पन्नाशी उलटलेलेच जास्त, आणि सत्तरीला, आयुष्यभर तिकिटं आणि लाकडी पट्ट्या हाताळून निबर झालेल्या बोटांना सहा ठिपके लागत नाहीत. आप्पाकाकांनी एकदा पान हातात घेऊन पाहिलं. म्हणाले, "वरीचे तांदूळ सांडल्यासारखं लागतंय." त्यांना आवाजच हवा. आणि बातमीचा आवाज ताजा हवा. टपालाने आलेल्या कॅसेटवर निधनवार्ता ऐकून काय करायचं?

अशा ताज्या आवाजासाठी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात २ जानेवारी १९६९ ला एक सेवा सुरू झाली. कल्पना अगदी साधी. स्वयंसेवकांनी स्टुडिओत बसून पुस्तकं आणि वर्तमानपत्रं मोठ्याने वाचायची आणि ते एका एफएम केंद्राच्या उपलहरीवरून सोडायचं. ऐकायला वेगळा संच लागे, तो अंधांना घरी नेऊन दिला जाई. पुढे तिकडे गावोगाव अशा सेवा निघाल्या. मला त्यांतली आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. त्यांच्या वाचनात अग्रलेखांबरोबर किराणा दुकानांच्या जाहिराती आणि मृत्युवार्ताही असतात. या आठवड्यात बटाटे कुठे स्वस्त, हे कुणीतरी गंभीर आवाजात वाचतं. पंपाची निविदा वाचायला लावणाऱ्या माणसाचे सगेसोयरे तिकडेही असणार.

आपल्याकडे हे काम कुणाचं? सरळ उत्तर, सामुदायिक रेडिओचं. आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या खंडपीठावर होते. २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही केंद्र चालवायची वाट मोकळी झाली. माणदेशात म्हसवडला 'माणदेशी तरंग' त्यातूनच उभं राहिलं. शंभर वॉट ताकद, दहा-पंधरा किलोमीटरचा टापू. एका हाकेचं गाव म्हणा ना. पण या केंद्रांना स्वतःच्या बातम्या द्यायला मनाई आहे. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. हवामान, वाहतूक, परीक्षांचे निकाल, प्रशासनाने दिलेली वीज-पाण्याची सूचना, हे बातमीत धरत नाहीत, म्हणून चालतं. आप्पाकाकांना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. "म्हणजे मला हवं ते बातमी नाहीच. मग अडलंय कुठे?" पुष्कळ ठिकाणी अडतं. नळ का येत नाही हे नगरपरिषदेत विचारून सांगायचं झालं, तर ती बातमी झाली. पाणी येणार नाही एवढं सांगता येतं, का ते विचारता येत नाही. ज्या रेडिओचा आवाज एका खाडीपलीकडेही धड जात नाही त्याच्या बातमीची एवढी धास्ती कशाला, हे मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही.

छापील मजकूर मोठ्याने वाचण्यात आणखी एक पाचर होती, हक्कांची. ती बऱ्यापैकी निघाली आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात अपंगांना वापरता येईल अशा रूपात मजकूर करून द्यायला मोकळीक आली. माराकेशच्या आंतरराष्ट्रीय कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारतच. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा तर माध्यमांतला सगळा मजकूर अंधांनाही मिळाला पाहिजे असं म्हणतो. कायदे चांगले आहेत. फक्त फुलांच्या चौकटीतला बॅनर बनवणाऱ्या पोरापर्यंत ते पोचलेले नाहीत, आणि त्या पोराला दोष देण्यात अर्थ नाही. "बॅनरखाली दोन ओळी टाइपही कर रे," एवढंच त्याला कुणीतरी सांगायला हवं. आमच्या आळीच्या ग्रुपवर मी सांगितलं. आता दोघेजण टाइप करतात. बाकीचे हात जोडल्याचं चित्र पाठवतात.

नागपुरात मात्र २०२२ मध्ये एक पाऊल पडलं. तिथल्या ब्लाइंड रिलीफ असोसिएशनने 'सक्षम' या संस्थेच्या साथीने 'रेडिओ अक्ष' सुरू केला, इंटरनेटवरून चालणारा, खास दृष्टिबाधितांसाठी. पुस्तकं वाचायला, ध्वनिमुद्रण करायला माणसं तयार केली. ब्लाइंड रिलीफ ही १९२८ पासूनची संस्था, तिच्यामागे एवढ्या वर्षांची पुण्याई आहे. पण नागपूरच्या वाचकाला जाकादेवीची गाडी रद्द झाल्याचं कळणार कसं? ते काम रत्नागिरीतल्याच माणसाने करायला हवं. त्याला मनोरा लागत नाही, परवाना लागत नाही. रोज सकाळी अर्धा तास, फोनवर ध्वनिमुद्रण, आतली पानं, आणि ते ज्याला हवं त्याच्याकडे रवाना. गोगटे-जोगळेकर महाविद्यालयातल्या पोरापोरींपैकी आठवड्याचे सात वाचणारे मिळणं अशक्य नाही. आवाज गोड नसला तरी चालेल, आळशी नको.

हे मी आप्पाकाकांपुढे मांडलं तर त्यांनी लगेच वाचणाऱ्यांसाठी अटी घातल्या. मागे संगीत नको. निधन वाचताना आवाज पाडायचा नाही, नाव ठणठणीत कळलं पाहिजे, वय आणि आळी गाळायची नाही. गाडीच्या बाबतीत आधी गाव, मग वेळ, मग रद्द. "दिलगीर आहोत" शेवटी, वेळ उरला तर. आणि प्रत्येक गोष्ट दोनदा.

"निधनसुद्धा दोनदा, आप्पा?"

"तर! पहिल्यांदा पुकारलं की माणूस म्हणतो, कुठली तरी गाडी असेल. दुसऱ्यांदा पुकारलं की उठतो."