माळ्यावरच्या बाटल्या

कुणी साड्या जमवतं, कुणी भांडी. मी मात्र जुन्या, तोंडाने फुंकून केलेल्या काचेच्या बाटल्या नि बरण्या जमवते! हसू नका हं मैत्रिणींनो. एके काळी मीही हसले असते.

१९८४ सालच्या दिवाळीची गोष्ट. साफसफाई करताना माळ्यावर सासूबाईंच्या सात-आठ हिरवट, वेड्यावाकड्या बाटल्या निघाल्या. मी कुणाला विचारलंदेखील नाही, बाटलीवाल्याला देऊन मोकळी झाले. आले चार रुपये! सासूबाईंना कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "गेल्या का?" आणि देवघरात जाऊन बसल्या.

एरंडेलाची एक बाटली तेवढी कोनाड्यात उरली होती. रात्री त्यांनी ती माझ्या हातात ठेवली. त्यांचे वडील तळेगाव दाभाड्याच्या पैसाफंड काच कारखान्यात कामाला होते. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून जो निधी जमला, त्यातून १९०८ साली निघालेला हा कारखाना. लांब लोखंडी फुंकणीच्या टोकाला तापल्या काचेचा गोळा घ्यायचा आणि गाल दुखेपर्यंत फुंकायचं. "अगं, आतली ही पोकळी आहे ना, ती आमच्या नानांची फुंकर," त्या म्हणाल्या. मला मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी जुना बाजार पालथा घातला. त्या बाटल्या काही मिळाल्या नाहीत, पण शोधायचा नाद लागला तो कायमचा.

अशी बाटली ओळखायची कशी? बूड चाचपून पाहा. काच दांडीवरून तोडल्याचा खरखरीत व्रण पुष्कळदा हाताला लागतो. काच कुठे जाड, कुठे पातळ असते. साच्यात फुंकलेल्या बाटलीची शिवण बहुधा गळ्याशीच थांबते. यंत्रावरच्या बाटलीची थेट ओठावरून जाते. आतून धुवायला मूठभर तांदूळ नि कोमट पाणी घालून हलवा. उकळतं पाणी मात्र नको, जाडपातळ काच चटकन तडकते. आणि औषधाच्या जुन्या बाटलीत खाण्याचं काही भरू नका.

सासूबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझ्या फळीवर एकतीस बाटल्या आहेत. मधोमध ती एरंडेलाची.

तेव्हा यंदा माळा आवरायला काढाल, तर बाटलीवाल्याला हाक मारण्याआधी घरातल्या थोरांना एकदा विचारा, "ही कुणाची हो?"