दुसऱ्याचा कोड, कोणाचे श्रम?

तुर्भ्याच्या आमच्या अभ्यासिकेत चार जुने संगणक आहेत, डेबियनवर चालणारे. सी-डॅकची ‘बॉस’ प्रणालीही डेबियनवरच उभी आहे. अशी प्रणाली म्हणजे बाहेरच्या हजारो लोकांनी लिहिलेल्या कोडची मांडणी. पण इथे लिहिणाऱ्याचं नाव पुसलं जात नाही. प्रत्येक पॅकेजसोबत कॉपीराइट फाइल असते: कोड कुठून आणला, कोणाचा, परवाना कोणता. डेबियनने केलेले बदल सहसा मूळ कोडमध्ये न मिसळता ‘पॅच’ म्हणून वेगळे ठेवतात. श्रम घ्यायचे आणि नाव पुसायचं ही जातिव्यवस्थेची सवय. तिच्यापुढे ही शिस्त मला मोठी वाटली. (शाहिरांची गाणी आपणच नाव काढून फॉरवर्ड करतो, हेही आठवलं.)

पण नोंद म्हणजे न्याय नव्हे. ‘एक्सझेड’ हे फाइली लहान करणारं सॉफ्टवेअर असंख्य लिनक्स संगणकांत आहे. ते वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस बिनपगारी सांभाळत होता. तो थकला. मदतीला आलेल्याने विश्वास कमावला आणि चोरदरवाजा बसवला. डेबियनच्या चाचणी आवृत्त्यांपर्यंत तो पोहोचलाही. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे एका अभियंत्याने शोधलं म्हणून मार्च २०२४ मध्ये तो सापडला. नवं बांधणाऱ्याला टाळ्या, सांभाळणाऱ्याकडे पाठ! सफाई कामगारांच्या वस्तीत वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आमच्याकडे अपडेट कोण करतं? तीन वर्षं एकच मुलगी. परवा म्हणाली, “दादा, माझी परीक्षा आहे, आता कोण बघणार?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. रविवारी आम्ही तिघे तिच्याकडे शिकायला बसतोय.