गोदीच्या शेजारी

कुलाब्याला पाण्याच्या काठी नवं रेस्टॉरंट उघडलं आणि पहिल्याच आठवड्यात ती जेवायला गेली. काचेपलीकडे बोटी, आत मंद दिवे. पोटात भूक होती, पण डोक्यात शेजारची ससून गोदी घोळत होती.

१८३८ साली कॉजवे पुरा होईपर्यंत कुलाबा मुंबईपासून सुटंच होतं. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, युरोप जवळ आला. कापसाची पेठ इथे आधीपासूनच होती. १८७५ साली ससून घराण्याने समुद्रात भराव घालून गोदी उभारली. पुढे कापूस गेला, मासळी राहिली.

आजही भल्या पहाटे तिथे लिलाव चालतो. कोळणी खणखणीत आवाजात भाव करतात, बर्फाच्या हातगाड्या वाट काढतात आणि उकिडव्या बसलेल्या बायका भराभर कोळंबी सोलतात. २०१७ साली गोदीतच कलाप्रदर्शन भरलं, तेव्हा एरवी नाकाला रुमाल लावणारेही रांगेत उभे राहिले.

तिने वेटरला विचारलं, "बोंबील कुठले?"

"इथलेच, मॅडम. गोदीतले."

मेन्यूवर मात्र गोदीचा उल्लेख नव्हता. अभिप्रायाच्या कार्डावर तिने लिहिलं: बोंबील झकास, कुठून आले तेही छापा.